कोरड्या मातीचा एक दिवस

"मोगलाईत कशाला निघालात, मास्तर?" असं मला साताऱ्यात निदान दहा जणांनी विचारलं. निजामाच्या मुलुखाला आमच्याकडे अजून मोगलाईच म्हणतात, आणि तिथे ऊन, बाभळी आणि उर्दू पाट्या यांपलीकडे पाहण्यासारखं काही नाही अशी सगळ्यांची खात्री असते. मी शाळेत चित्रकला शिकवतो. वर्षभर पोरांकडून बादली, छत्री आणि पेरू काढून घेतले की उन्हाळ्यात डोळ्यांना दुसरं काहीतरी हवंसं वाटतं. त्यातच पुण्याच्या वसतिगृहातला माझा जुना सोबती गोविंद याचं पत्र आलं. "आमच्या गावची गढी आता फार दिवस टिकत नाही. लोक तिची माती नेऊन घरांवर घालतात. चित्र काढायचं असेल तर लवकर ये." मला एवढं पुरलं. परत येऊन आता तीन महिने झाले आहेत. खोकला अजून पुरता गेलेला नाही, आणि तिथे माझ्या हातून जे झालं ते सरळ लिहून टाकावं असं वाटतं.

हिंगोलीपर्यंत

मनमाडला गाडी बदलली, पूर्ण्याला पुन्हा बदलली. मधलं सांगण्यासारखं एवढंच, की निजामी हद्दीत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, शिपाई डब्यात चढला आणि त्यानं माझी रंगांची पेटी उघडायला लावली. आत गेरू, पिवडी, नीळ आणि काजळीच्या पुड्या. "ये कौनसी दवा है?" त्यानं विचारलं. दवा नाही, रंग आहेत, हे त्याला पटेना. शेवटी त्यानं जिभेनं बोट ओलं केलं, निळीच्या पुडीत बुडवलं आणि स्वतःच्या तळहातावर एक रेघ ओढली. ती त्याला इतकी आवडली की पुढचं स्टेशन येईपर्यंत तो हात उघडा ठेवून बसला. उतरताना त्यानं मला सलामही केला.

हिंगोलीला रूळ संपतात. गोविंद बैलगाडी घेऊन आला होता. वसतिगृहातला किडकिडीत गोविंद आता चांगला भरला होता, मिशा राखल्या होत्या आणि बोलण्यात 'बराबर' नि 'तकलीफ' हे शब्द आपसूक येत होते. रात्र हिंगोलीत काढून आम्ही पहाटे निघालो. कयाधूच्या पात्रात पाणी जवळजवळ नव्हतंच. बायका वाळूत खड्डे करून झिरे काढत होत्या आणि वाटीवाटीनं हंडे भरत होत्या. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. कळमनुरी मागे पडल्यावर ऊन चढलं आणि दूरची जमीन हलायला लागली. एक कडुलिंब जमिनीपासून सुटून हवेत उभा राहिलेला मला दिसला, त्याच्याखाली दोन गाईही होत्या, त्यांचे पाय मात्र कुठेच नव्हते. निंबाच्या मोहोराचा वास येत होता. चाकांचा एकसुरी आवाज चालला होता. मी जागा होतो की झोपेत, हे आजही मला नक्की सांगता येणार नाही.

गाव

गोविंदचं गाव कळमनुरीच्या पुढे, आखाडा बाळापूरच्या अलीकडे. वहिनींनी पहिल्या जेवणात ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि कच्च्या कैरीचा ठेचा वाढला. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. ते आमटीला असं काही लावतात की आमटी दाटही होते आणि अंगावरही येते. मी दोनदा मागून घेतली आणि तिसऱ्यांदा मागायची लाज वाटली. ते ओळखून वहिनी म्हणाल्या, "भावजी, सातारला आमटी मागायची न्हाई अशी रीत हाय का?" आणि तिसऱ्यांदा वाढली.

आमच्याकडे कौलं. इथे घरांना कौलं नसतात. लाकडाच्या तुळया, त्यांवर फळ्या, आणि त्यावर हातभर मातीचा थर. त्याला माळवद म्हणतात. गोविंदच्या माळवदावर उभं राहिलं की सगळं गाव एखाद्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतासारखं दिसतं. त्यावर बायका कुरडया वाळत घालतात, म्हातारे सकाळचं ऊन खातात, शेळ्याही चढतात. दर उन्हाळ्यात त्यावर नवी माती घालावी लागते, आणि ती साधी काळी माती चालत नाही. पांढरी माती लागते. ती पाणी धरून ठेवते, खाली उतरू देत नाही. आणि अशी पांढरी माती गावात एकाच ठिकाणी, गढीत.

गढी म्हणजे जुन्या कुणा जहागीरदाराचा मातीचा किल्ला. आता त्याला जहागीरदारही नाही आणि दरवाजाही नाही. दोन बुरूज ढासळलेत, दोन उभे आहेत. मधोमध एक मोठं काळोखं दालन आहे. ते पूर्वी धान्याचं कोठार होतं म्हणतात. आता तिथे वरच्या फटींत पारवे राहतात आणि तुळयांना वटवाघळं लटकतात. कित्येक वर्षांची त्यांची घाण खाली साचून मातीच झाली आहे. त्या दालनाची माती सगळ्यांत चांगली, कसदार आणि पिठासारखी, असं गावाचं मत.

तोंडावरचं फडकं

माती खणायचं काम तांड्यावरची माणसं करतात. तांडा गावापासून पाव कोसावर आहे. या लोकांचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आता ते शेती करतात, मजुरी करतात, पण बैलावर ओझं कसं लादायचं हे त्यांच्याइतकं कुणाला येत नाही.

पहिल्या दिवशी मी वही-पेन्सिल घेऊन थेट दालनात शिरायला निघालो, तर दाराशी एका बाईनं हात आडवा केला. चाळिशीची असेल. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आरशांची कांचोळी, आणि नाकातोंडावर ओलं फडकं बांधलेलं. त्यातून फक्त डोळे दिसत होते.

"काहून असे उघड्या तोंडानं चालले, मास्तर? हे बांधा."

तिनं मडक्यात बुडवलेलं दुसरं फडकं पिळून माझ्या हातात दिलं. ही धानीबाई. खणणाऱ्यांची मुकादम म्हणा हवं तर, पण तसं कुणी तिला म्हणत नव्हतं. तांड्यावरचे सगळे तिला याडी म्हणतात, याडी म्हणजे आई. तिचा नवरा रूपला आत कुदळ चालवत होता. उंच, हसरा, बोलायला गोड माणूस. त्यानं आतूनच रामराम केला.

मी फडकं बांधलं खरं, पण मला हसू येत होतं. गोविंदनं मग दुपारी सगळं सांगितलं. गढीतली माती खणणाऱ्यांना दर दोन-तीन वर्षांनी एक ताप धरतो. आधी अंग मोडून येतं, मग कोरडा खोकला, मग छाती. कुणी महिन्यात उठतो, कुणी वर्षभर अर्धा राहतो. धानीबाईचा पाठचा भाऊ तीन उन्हाळ्यांपूर्वी त्यातच गेला. गेल्या साली रूपलाला धरलं. अख्खा पावसाळा तो भिंतीला टेकून बसून होता, आडवं पडलं की श्वास कोंडायचा. गाव म्हणतं, गढीतला पीर धरतो, नारळ फोडा. हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले क्षय असेल. धानीबाईनं दोघांचंही ऐकून घेतलं आणि स्वतःच्या डोक्यानं एक गोष्ट ठरवली.

ती मला तिनंच सांगितली. दुपारच्या भाकरीला सगळे निंबाखाली बसले होते.

"भाकरी झाकून ठेवली तर तिच्यावर बुरशी येती का न्हाई? जवारीच्या पेवाला पाणी लागलं तर आतल्या दाण्यावर येती का न्हाई? तसंच हाय हे. पाखरांची घाण पडून पडून ही माती बुरसून गेली हाय. वरून दिसत न्हाई. पर कोरडी असली अन कुदळ मारली की तिचं पीठ उडतं. ते श्वासासंगं आत जातं, अन छातीत रुजतं. ओलीचं पीठ उडत न्हाई. एवढंच हाय, मास्तर. पीर बिचारा कशाला धरंल?"

म्हणून ती आदल्या संध्याकाळी उद्याची जागा भिजवते. नदीच्या झिऱ्यावरून कातड्याच्या पखालीत पाणी भरून, ती पखाल बैलावर लादून आणते आणि दालनात शिंपडते. सकाळी माती वरून ओलसर, आतून मऊ झालेली असते. वरचा काळा थर वेगळा काढून खड्ड्यात पुरतात. खालची माती ढेकळांनीच बाहेर नेतात, आत चाळत नाहीत. काम संपलं की सगळे बाहेरच्या डबक्याशी अंग धुतात, घागरे-धोतरं पिळतात, आणि मगच घरी जाऊन लेकरू उचलतात. मी हे सगळं ऐकलं आणि मला ती बाई फार मोठी वाटली.

गावाला मात्र हे पसंत नव्हतं. माणसांना प्यायला पाणी नाही आणि मातीला पखाली, हे एक. दुसरं म्हणजे माळवदाची माती कोरडीच चाळून घालायची, एकदा भिजली की ती मेली, धरत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत. माली पाटील, म्हणजे गावचा सारा वसूल करणारे पाटील, रोज गोविंदला टोचायचे. गोविंदच्या घराची माती आधी निघत होती आणि त्यानं धानीबाईला तिच्या रीतीनं काम करायची मुभा दिली होती. पुढे सगळ्या गावाची माती निघणार होती, आणि तेव्हा पखाल चालू राहते की बंद होते हे अजून ठरायचं होतं.

उजेड

आता माझं सांगतो. चार दिवस मी त्या दालनात तोंडाला फडकं बांधून बसलो आणि चार दिवस माझं चित्र काही केल्या जमेना. ओली माती अंधार गिळून टाकते. माणसं येत होती, वाकत होती, पाट्या उचलत होती, पण सगळं एका तपकिरी रंगात बुडालेलं. सातारला हे दाखवलं असतं तर पोरांनी विचारलं असतं, मास्तर, हे शेण आहे का?

पाचव्या दिवशी दुपारी रूपलाची कुदळ एका कोरड्या कोपऱ्याला लागली. ढेकूळ फुटलं. वरच्या फटीतून उन्हाची एक तिरीप खाली येत होती, ती तोवर मला दिसलीच नव्हती. ती अचानक उभी राहिली. मातीचा बारीक कण न कण त्यात चमकत, वळत, संथपणे वर चढत होता. तिरिपेच्या पलीकडे रूपलाचा खांदा आणि अर्धा चेहरा सोन्यासारखा झाला. वर पारवे घुमत होते. मी पेन्सिल हातात धरून तसाच बसलो. धानीबाई लगेच धावली, तिनं त्या कोपऱ्यावर मडकं रिकामं केलं, आणि उजेड गेला.

त्या दिवशी माझं जेवणात लक्ष नव्हतं. डोळे मिटले की ती तिरीप दिसायची. मी बावीस वर्षं रंग हाताळतो आहे, पण असा रंग माझ्या वाट्याला कधी आला नव्हता, आणि तो पुन्हा येणार नाही हेही मला कळत होतं. गढी जाणार होती, मी जाणार होतो. मला ते चित्र हवं होतं. याहून चांगलं कारण माझ्यापाशी नाही.

बाजाराचा दिवस

दुसऱ्या दिवशी कळमनुरीचा आठवडी बाजार. धानीबाई मीठ-मिरची आणि बैलाची वेसण आणायला बाजाराला गेली. दालनाचा मागचा भाग तिनं भिजवला नव्हता. आज तिथे हात लावायचा नाही, पुढचंच ओलं खणायचं, असं सांगून गेली होती. तांड्यावरचे इतर बाया-गडीही बाजारात, त्यामुळे कामाला रूपला एकटाच होता.

मी त्याला विचारलं. विचारलं कसलं, गळच घातली. "रूपलाबुवा, आजच्या दिवस मागचा भाग खणाल का? कोरडाच? मला तो उजेड काढायचा आहे."

तो थोडा वेळ कुदळीच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. मग हसला. "धानी रागावंल."

"मी सांगेन तिला. एकच दिवस."

"तुमी पावने. पावन्याला न्हाई कसं म्हणावं?" आणि मग जरा हळू आवाजात, "लोकं म्हणून राहिले, रूपला आता कामाचा न्हाई राहिला. बघू तरी."

आमच्याकडे पाहुणा मागतो तेव्हा यजमान आधी आपल्या घरात बघतो, आहे का, परवडतं का. इथे मागणं ऐकलं की माणूस दुसरीकडे बघतच नाही. हे मला चार दिवसांत चांगलं कळलं होतं. कळूनच मी मागितलं.

त्या दिवसाचं वर्णन कसं करू? अकरापासून दोनपर्यंत ती तिरीप सबंध दालन ओलांडून गेली. रूपला तिच्यात शिरायचा आणि बाहेर पडायचा. कुदळ पडली की धूळ उठायची, आणि उठलेली धूळ खाली यायचीच नाही. पिवळी, मग केशरी, कडेला निळसर. वटवाघळं एकदा चाळवली आणि त्यांच्या पंखांनी सगळी हवा हलली, तेव्हा तो उजेडच श्वास घेतो आहे असं मला वाटलं. फडकं ओढून काढून टाकलं होतं मी, कारण त्याची वाफ चष्म्यावर यायची. रूपलाचं फडकं वाळून गळ्यात उतरलं होतं. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या, पापण्या पांढऱ्या झाल्या. तो मधूनच थांबून विचारायचा, "झालं का मास्तर?" आणि मी म्हणायचो, "अजून थोडं." मी आयुष्यात इतका सुखी क्वचितच झालो असेन. खरं बोलायचं ठरवलंय म्हणून हेही लिहितो.

ऊन कलायच्या आत धानीबाई परतली. लांबूनच तिला नवऱ्याच्या पांढऱ्या भुवया दिसल्या. तिनं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं आणि त्याला डबक्याशी नेऊन डोक्यावरून पाणी ओतलं. चार मडकी, पाच मडकी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमीबी या." मी खाली मान घालून बसलो आणि तिनं माझ्याही डोक्यावर पाणी ओतलं.

"माझी चूक आहे," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली. "आता चांद अर्धा फिरूस्तोवर कळत न्हाई. माझ्या भावाला बाराव्या दिवशी ताप आला. याला गेल्या साली चौदाव्या."

वाट पाहणं

मी दोन दिवसांनी निघणार होतो. निघालो नाही. गोविंदला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "राहा. पण राहून काय करशील?" खरंच, काही करण्यासारखं नव्हतं.

मी रोज तांड्यावर जायचो. तिथे माणसं मोजकं बोलतात आणि पुष्कळ गातात, बायका तर काम करताना एकसारख्या गुणगुणत असतात. रूपलानं मला बैलाच्या पाठीवर गोणी अशी कशी ठेवायची की ती आपल्या वजनानंच बसते, दोरी लागत नाही, हे शिकवलं. मी ठेवलेली गोणी दर वेळी पलीकडे पडायची आणि बैल मान वळवून माझ्याकडे बघायचा. रूपला पोट धरून हसायचा. हसताना खोकला येतो का, इकडे माझा कान असायचा. धानीबाईचाही असायचा. आमची नजरानजर व्हायची आणि आम्ही दोघंही दुसरीकडे बघायचो.

दुपारी मी निंबाखाली पडून राहायचो. निंबोण्यांचा वास, लांबून येणारा पखालीच्या बैलाच्या घंटेचा आवाज. दिवस कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो तेच समजेना. आठवा दिवस गेला, नववा गेला. मला वाटायला लागलं, काही होत नाही, ते सगळं मी स्वप्नात पाहिलं.

दहाव्या दिवशी माली पाटील गोविंदच्या ओट्यावर येऊन बसले. पिकलेल्या मिशा, डोक्यावर तांबडा पटका, माणूस वाईट नव्हे. म्हणाले, "गोविंदराव, कोरडं खणलं तर काय झालं? रूपला चांगला फिरून राहिला. मास्तरबी बसले हायत ठणठणीत. उद्यापासून गावाची माती निघणार. आता पखाल बंद करा. पाणी लोकांना लागतंय."

धानीबाई तिथेच अंगणात उभी होती. तिला राग येईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "पाटील, मी खोटी ठरू दे. देवाला हेच मागून राहिले मी. पर आजून चार दिवस थांबा."

पाटील थांबले. चार दिवसांनी विचारू म्हणाले.

तेरावा दिवस

तेराव्या दिवशी सकाळी रूपला उठला नाही. मी गेलो तेव्हा तो झोपडीच्या भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या ओठांवर कोरड पडली होती. मला बघून हसला, रामराम करायला हात उचलला आणि खोकला लागला. तो खोकला थांबता थांबेना. धानीबाई त्याच्या पाठीवर हात फिरवत होती. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. मला तिथे उभं राहवेना आणि निघून जाताही येईना.

त्याच दुपारी माझं अंग मोडून आलं. संध्याकाळी ताप भरला. गोविंदनं गाडी करून आम्हा दोघांना हिंगोलीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, हा क्षयही वाटत नाही आणि नेहमीचा हिवतापही नाही, असं कबूल केलं, आणि विश्रांती घ्या म्हणाले. परतीच्या वाटेवर गाडीत रूपला एका बाजूला, मी दुसऱ्या. त्याला माझ्यापेक्षा किती जास्त त्रास होतोय हे त्याच्या प्रत्येक श्वासाला ऐकू येत होतं. मला त्याची क्षमा मागायची होती. तो मला विचारत होता, "मास्तर, पाणी पाहिजे का?"

धानीबाईनं मागितलेले चार दिवस उलटून गेल्यावर मी कांबळं पांघरून त्यांच्या ओट्यावर गेलो. तिथे सात-आठ जण बसले होते. एक जण म्हणाला, "रूपला तर आधीचाच दुखणाईत हाय. त्यात गढीचा काय दोष?"

"मग माझं काय?" मी म्हटलं. "मी दुखणाईत नव्हतो. मी सातारचा, डोंगर चढणारा माणूस. त्या दिवशी त्या धुळीत दोघंच होतो, तो आणि मी. दोघांनाही ताप आहे. ओल्या मातीत पाच दिवस इतकी माणसं राबली, त्यांतल्या एकालाही काही झालेलं नाही. कोरडं खण असं मीच त्याला सांगितलं. एका चित्रासाठी सांगितलं." एवढं बोलेपर्यंत मला धाप लागली आणि खोकला आला.

माली पाटलांनी विचारलं, "तुमी दिवसभर आत होते?"

"दिवसभर."

"फडकं?"

"काढून ठेवलं होतं."

ते मिशीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "पाणी टाकू द्या तिला. माझ्या गाडीवर दोन पिंपंबी न्या. अन माळवद गळलं तर गळू दे एक साल, पुन्हा घालता येतं." त्यापुढे गावात कुणी कोरड्या मातीला कुदळ लावली नाही. मी होतो तोवर तरी नाही.

निरोप

माझा ताप दहा दिवसांत उतरला. रूपलाचा उतरायला तीन आठवडे लागले. तो जगतो की जातो अशी एक आख्खी दुपार होती, तिच्याबद्दल मला लिहिता येणार नाही. वहिनी मलाही पेज देत होत्या आणि तांड्यावरही पाठवत होत्या. गढीत रोज खणणं चालू होतं, आणि सगळ्या बायांच्या तोंडावर ओली फडकी होती. गढी थोडी थोडी कमी होत होती. माळवदांवर ओलसर पांढरी माती पसरली जात होती आणि म्हाताऱ्या ती चोपण्यानं चोपत होत्या, तो धप धप आवाज गावभर भरून राहिला होता. मला त्या आवाजात झोप चांगली लागायची.

शाळा सुरू व्हायच्या आधी मला निघावं लागलं. या भागात पाहुण्याला घरातून निरोप देत नाहीत. त्याच्याबरोबर शिवेपर्यंत चालत जातात, तिथे त्याला गाडीत बसवतात आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे राहतात. गोविंद आणि वहिनी आले. तांड्यावरून धानीबाई आली. आणि नको नको म्हणत असताना रूपलाही बैलावर बसून आला. नवं धोतर नेसून, पटका बांधून.

घरापासून शीव दोनशे पावलं असेल. रूपला पंधरा-वीस पावलं चालला. मग त्यानं हात छातीवर ठेवला, निंबाच्या बुंध्याला टेकला आणि हळूच खाली बसला. पूर्वी हाच माणूस दिवसभर कुदळ मारून संध्याकाळी नदीवरून पखाल आणायचा. त्यानं हसून हात जोडले. "मास्तर, आपला हितूनच रामराम."

मी त्याच्या पायांना हात लावायला वाकलो. त्यानं ते करू दिलं नाही, हात धरून ठेवले.

धानीबाई शिवेपर्यंत आली. गाडीत बसल्यावर तिनं भाकरी आणि चटणीचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं, बैलाच्या मानेवर हात फिरवला आणि म्हणाली, "आमच्यात पावन्याला न्हाई म्हणता येत न्हाई, मास्तर. तुमाला आता म्हाईत हाय. पुन्यांदा या. पर काई मागू नका."

मी मान हलवली. गाडी कळमनुरीच्या वाटेला लागली.